कचेरीच्या वेळेत भेटणारा मासा

भोंगामावशीच्या आवाजाबद्दल काय सांगावं! उभा जन्म तिने बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवला. एकदा म्हणे माईक बंद पडला, तर हिने खिडकीतून मान बाहेर काढून नुसत्या तोंडाने पुकारा केला, आणि पूल ओलांडून गेलेली गाडी वळून परत आली. ड्रायव्हर उतरला तो घाम पुसत. म्हणाला, "मला वाटलं, आई हाक मारतेय." खरं की खोटं, विचारू नका. पाहणारी तीच, सांगणारी तीच.

आवाज जेवढा मोठा, तेवढीच थाप मोठी. पण गुपचूप फसवणं तिला कधी जमलं नाही. तिची थाप हत्तीसारखी समोरून झुलत यायची. ज्याला बाजूला व्हायचंय त्याने खुशाल व्हावं. कुणी झालं नाही की ती आणखी एक सोंड लावायची.

अशा बाईला सगळ्यांनी मिळून खरं बोलायच्या कामाला लावलं, आता बोला!

झालं होतं असं. कचेरीच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, एक काचेचं कपाट होतं. पाणी कधी बंद राहणार, रस्ता कुठे खोदणार, दवाखान्यात कुठला डॉक्टर कधी बसणार, सगळं त्या कपाटात टाचण्यांनी टोचलेलं. जनतेसाठी खुलं, असं वर लिहिलेलंसुद्धा. फक्त कपाटाला कुलूप, काचेवर धुळीची साय, अक्षर मुंगीएवढं, आणि कचेरीची वेळ अशी की तेव्हा माणसं आपापल्या कामावर. बाकी अगदी खुलं.

वाचनालयाचे शांतताकाका त्या कागदांची प्रत मागायला गेले. यांना शांतताकाका म्हणायचे, कारण जन्मभर वाचनालयात बसून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यांना खिडकीवरून सांगण्यात आलं, "तुम्ही पुस्तकं सांभाळा." बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या खुणांच्या बाई पालकांना घेऊन गेल्या, त्यांना सांगितलं, "एवढ्यासाठी कशाला आलात? फोन करायचा." ड्रायव्हरांच्या संघटनेचा टेम्पोभाऊ गेला, त्याला म्हणाले, "दुपारी येऊन वाचून जा." दुपारी टेम्पो कोण चालवणार, कचेरी? आणि अंधांच्या संघटनेच्या जाऊबाई गेल्या, त्यांना तर फारच आदराने सांगितलं, "कपाटात लावलंय ना, बघून घ्या."

ही सगळी मंडळी एकाच दिवशी, एकाच जिन्यावर, हात हलवत खाली उतरत होती. जाऊबाईंनी पावलांचे आवाज ऐकले आणि मधल्याच पायरीवर थांबल्या.

"कोण कोण परत चाललंय?" त्यांनी विचारलं.

एकेकाने आपापलं नाव सांगितलं.

"एकेकटे जातोय, म्हणून एकेका खिडकीवरून परत येतोय. मोळी बांधून जाऊ."

तेव्हापासून या सगळ्यांचं नाव मोळीच पडलं. मोळीने मग कचेरीचा जिना असा काही झिजवला की शेवटी शिक्केसाहेब कंटाळले. साहेबांचं खरं नाव पाटीवर होतं, पण त्यांनी शिक्का मारल्याशिवाय कचेरीत पंखासुद्धा फिरत नाही म्हणून हे नाव. ते म्हणाले, "ठीक आहे. दर आठवड्याला एक प्रत तुम्हाला. सुट्टीच्या सकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर मोठ्याने वाचा. सध्या चाचणीपुरतं. पण एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर प्रत बंद. कचेरीच्या नावावर भलतंसलतं खपवून घेणार नाही."

आता प्रश्न आला, वाचणार कोण? पायऱ्यांपासून चौकाच्या टोकाच्या बाकापर्यंत पोचेल असा गळा एकच होता. आणि त्या गळ्यातून काय काय निघतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"दुसरं कुणी नाहीच का?" शांतताकाकांनी हळूच विचारलं.

"माझी धाकटी जाऊ आहे ती," जाऊबाई म्हणाल्या. "मी तिला चांगली ओळखते. म्हणूनच सांगते, तिच्या मागे दुसरं तोंड हवं."

म्हणजे काय, तर भोंगामावशी छापील कागदावरून वाचणार. तिचं झालं की तोच कागद जाऊबाई ठिपक्यांच्या लिपीतून, बोटांनी, पुन्हा वाचणार. बाजूला खुणांच्या बाई दोन्ही वेळा हातांनी सांगणार. दोन्ही तोंडं जुळली, तर बातमी खरी. याला मोळीत दोन तोंडांचा नियम म्हणायचे, आणि त्याचा सगळ्यांना भारी अभिमान.

भोंगामावशीला हे कळलं तेव्हा ती जाम फुगली.

"माझ्यावर पहारा?"

"तुझ्यावर नाही गं, तुझ्या सोंडेवर," जाऊबाई म्हणाल्या.

या दोन जावा एकाच घरात राहायच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही मुखदुर्बळ. ते गेले, आणि घरात बोलणाऱ्या तेवढ्या उरल्या. जाऊबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं, पण बरणीत साखर किती उरलीय ते त्या बरणी हलवून सांगायच्या. बाहेर पडताना त्या भोंगामावशीचं कोपर धरायच्या. रस्ताभर भोंगामावशी थापा मारायची आणि जाऊबाई मधूनमधून म्हणायच्या, "हं. पुढे खड्डा आहे का ते सांग." खड्ड्याच्या बाबतीत मात्र मावशीने कधी थाप मारली नव्हती.

तर भोंगामावशीने शपथ घेतली आणि ती पाळलीही. आठवड्यामागून आठवडे ती पायऱ्यांवर उभी राहून खरं बोलली. सोपं नव्हतं हो! गटार दुरुस्तीचा कागद वाचताना तिच्या जिभेच्या टोकाशी गटारात सापडलेला राजाचा मुकुट येऊन बसायचा. ती तो गिळायची. घरी येऊन म्हणायची, "पोट बिघडलंय माझं. खरं बोलून बोलून अपचन झालंय."

लोक मात्र येऊ लागले. आधी पाच-दहा, मग पायऱ्या भरल्या, मग चौक. दवाखान्याची वेळ बदलली ती लोकांना आधी कळली. रस्ता खोदायच्या आदल्या दिवशी टेम्पोभाऊची मंडळी गाड्या काढून घेऊ लागली. बहिऱ्या पोरांचे आईबाप खुणांच्या बाईंच्या हातांकडे बघत हसायचे, कारण भोंगामावशी "सूचना" म्हणाली की बाईंची खूण तिच्यापेक्षा जोरात व्हायची. आणि अंधांच्या संघटनेतल्या लोकांकडे तर ठिपक्यांची प्रत दोन दिवस आधीच पोचायची. जन्मात पहिल्यांदा त्यांना बातमी इतरांच्या आधी कळत होती. ते चौकात असे बसायचे, की जणू कागद त्यांनीच काढलाय.

चाचणी संपत आली. शेवटच्या सुट्टीला शिक्केसाहेब स्वतः ऐकायला येणार होते, कायमच्या परवानगीचा कागद पिशवीत घालून. सगळं नीट पार पडलं तर तिथेच शिक्का.

आणि त्याच आठवड्यात शांतताकाकांचा घसा बसला.

आता हा घसा कुठे आडवा आला, ते सांगते. ठिपक्यांची प्रत कशी व्हायची? शांतताकाका जाऊबाईंच्या घरी येऊन कागद हळूहळू वाचायचे, आणि जाऊबाई आपल्या सहा बटणांच्या यंत्रावर ऐकतील ते ठोकायच्या. मग संघटनेतल्या मुली त्याच्या प्रती काढायच्या. काकांचा घसा बसला, तेव्हा भोंगामावशी म्हणाली, "मी सांगते की. घरात तर आहे." कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की दुसरं तोंड जर पहिल्याच तोंडावरून भरलं, तर दोन तोंडं राहिली कुठे? एवढी हुशार मोळी, पण नियमाच्या कौतुकात नियमच विसरली.

दुपारची वेळ. जाऊबाई यंत्रापाशी ताठ बसल्या होत्या. भोंगामावशी कागद घेऊन समोर.

"दरवर्षीप्रमाणे टेकडीवरील पाण्याची टाकी स्वच्छ करण्यात येणार असल्याने," ती वाचत होती, "बुधवारी सकाळी पाणीपुरवठा बंद राहील."

खट खट खट खट. जाऊबाईंचा चेहरा दगडी.

"नागरिकांनी पाणी साठवून ठेवावे."

खट खट.

मावशीने कागदावरून नजर उचलली. इतके आठवडे गिळलेले सगळे मुकुट, हत्ती, उडत्या गायी तिच्या घशाशी आल्या. इथे चौक नव्हता, साहेब नव्हते. समोर घरचीच बाई, आणि ती ऐकतेय की झोपलीय तेही कळत नव्हतं. बघूया तरी, मावशीच्या मनात आलं. आवाजात काडीचाही फरक न करता ती पुढे बोलली,

"टाकीमध्ये वास्तव्यास असलेला मासा अंदाजे म्हशीएवढा असून त्यास मिशा आहेत. सदर मासा स्वभावाने शांत आहे, तथापि नागरिकांनी त्यास केवळ कचेरीच्या वेळेतच भेटावे."

आता जाऊबाई हात थांबवतील, 'धाकटे!' म्हणून ओरडतील, दोघी हसतील. भोंगामावशी ओठ चावून वाट बघत राहिली.

खट खट खट. आणि तेवढ्यात दारात टेम्पोभाऊ. "झालं का हो? गाडी चालूच ठेवलीय, मागून हॉर्न मारतायत!" जाऊबाईंनी कागद ओढून काढले आणि त्याच्या हातात दिले. गाडी गेली. मग दूध उतू गेलं, मग शेजारीण आली, आणि मासा राहून गेला.

रात्री अंथरूण घालताना मावशीला आठवलं खरं. पण ती स्वतःशीच म्हणाली, छे! इतकी शिस्तीची बाई, ती थोडीच मासा ठोकणार? गाळला असेल. आणि कूस बदलून झोपली.

सुट्टीची सकाळ उजाडली. चौक फुलून गेला होता. शिक्केसाहेबांना मधल्या पायरीवर खुर्ची दिली होती, आणि ते मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून बसले होते. भोंगामावशीने घसा साफ केला. टोकाच्या बाकावरची कबुतरं उडाली.

तिने वाचलं. असं वाचलं, की एक वेलांटी हलली नाही. टाकी, बुधवार, पाणी साठवा, खाली सही. शिक्केसाहेबांनी मान डोलावली आणि पिशवीची चेन अर्धी उघडली.

मग जाऊबाई उठल्या. मांडीवर जाड कागद, त्यावर बोटं.

"दरवर्षीप्रमाणे टेकडीवरील पाण्याची टाकी स्वच्छ करण्यात येणार असल्याने," त्यांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज बारीक, पण सरळ. "बुधवारी सकाळी पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाणी साठवून ठेवावे. टाकीमध्ये वास्तव्यास असलेला मासा..."

भोंगामावशीच्या पायाखालची पायरी सरकली.

"...अंदाजे म्हशीएवढा असून त्यास मिशा आहेत."

खुणांच्या बाईंचे हात हवेतच थांबले. पण त्या कामाला चोख. त्यांनी मासा केला, मग म्हैस केली, मग दोन्ही हातांनी ओठांवरून झोकदार मिशा पिळल्या. बहिऱ्या पोरांची रांगच्या रांग हसून आडवी झाली. मग बाकीचा चौक. शांतताकाका बसलेल्या घशाने "शांतता!" म्हणाले ते त्यांनाच ऐकू गेलं नाही.

"...केवळ कचेरीच्या वेळेतच भेटावे," जाऊबाईंनी पुरं केलं.

पुढच्या रांगेतून संघटनेचे एक आजोबा काठी आपटून म्हणाले, "बरोबर आहे! माझ्याही प्रतीत आहे तो. मी काल जाऊन आलो टेकडीवर, पाव घेऊन. पण शनिवार होता हो, कचेरी बंद."

शिक्केसाहेब ताडकन उभे राहिले. "हा काय पोरखेळ आहे? आमच्या कागदात मासा नाही! छापील वाचताना नव्हता, ठिपक्यांत आला कुठून?"

साहेबांनी जाऊबाईंकडे बघितलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला, आणि मऊ झाला तेच वाईट. "जाऊ द्या. मी समजू शकतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्या हातून होणारच असं. त्यांचा दोष नाही. आपण असं करू, ठिपक्यांची प्रत तेवढी बंद करू. बाकीच्यांचं वाचन चालू राहू दे. परवानगीवर मी आत्ता शिक्का मारतो."

चौकातलं हसू विझलं. टेम्पोभाऊ शांतताकाकांकडे बघू लागला, काका पायरीकडे. बाकीच्यांचं चालू राहणार होतं ना! पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मात्र खिशातला ठिपक्यांचा कागद हाताने घट्ट दाबून धरला, कुणी आत्ताच हिसकावून नेणार असल्यासारखा.

जाऊबाईंची बोटं मासा होता त्याच ओळीवर. त्यांनी फक्त मान जराशी वळवली, ज्या बाजूला भोंगामावशी उभी होती त्या बाजूला.

त्या वळलेल्या मानेत सगळं होतं. आजवर आपली थाप समोरून झुलत जायची, लोकांना दिसायची, मावशीच्या मनात आलं. ही मात्र आपण ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरात मागच्या दाराने घातली.

"मासा माझा आहे," ती म्हणाली.

साहेबांना ऐकू गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा भोंगामावशी हळू बोलली होती. तिने छाती भरून घेतली.

"मासा माझा आहे! मी सांगितला, म्हणून जाऊबाईंनी लिहिला. त्यांनी जे कानावर पडलं तेच लिहिलं, अक्षराचा फरक नाही. दोष द्यायचा तर मला द्या. मला काढा. ठिपक्यांना हात लावायचा नाही."

"आणि ठिपके गेले, तर वाचनालयालाही नको तुमची प्रत," शांतताकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"ड्रायव्हरांनाही नको," टेम्पोभाऊ म्हणाला. खुणांच्या बाईंनी बोलायचे कष्टच घेतले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत मोळी आवळली, आणि ती पोरांनीच काय, सगळ्या चौकाने वाचली.

शिक्केसाहेबांचे कान लाल झाले. पिशवीची चेन बंद करत ते ओरडले, "मग सगळ्यांचीच बंद! भलत्या अफवा! लोक पाव घेऊन टाकीवर जातायत! अहो, जरा तरी डोकं चालवा. टाकीत मासा शिरेल कुठून? मी इथे आल्यापासून त्या टाकीचं झाकण कुणी उघडलेलं नाही! गंजून बसलंय ते!"

चौकात जी शांतता पसरली, ती शांतताकाकांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती.

साहेबांनी तोंड मिटलं. पण फार उशिरा.

जाऊबाईंची बोटं कागदावरून सावकाश मागे सरकली. मासा, नागरिक, बुधवार. पहिल्या ओळीवर येऊन थांबली.

"इथे 'दरवर्षीप्रमाणे' असं आहे," त्या म्हणाल्या. "धाकटे, हेही तुझंच का?"

"नाही हो," भोंगामावशी म्हणाली. "ते छापील आहे."

"मग साहेब, हा मासा कुणाचा?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. माणूस तसा वाईट नव्हता. खाली बघत म्हणाले, "दरवर्षी तोच कागद येतो. तारीख बदलायची आणि शिक्का मारायचा. माझ्या आधीचेही तेच करायचे. झाकण उघडायला माणसं लागतात. शिक्क्याला मी एकटा पुरतो."

"माणसं ही काय, चौकभर आहेत," टेम्पोभाऊ म्हणाला. "चला साहेब, पुढे बसा माझ्या शेजारी."

सगळा चौक टेकडीकडे निघाला. भोंगामावशी सवयीने जाऊबाईंपाशी गेली आणि कोपर पुढे केलं. जाऊबाईंनी हात लांब केला, मावशीच्या कोपराला हलकेच लावून बघितला, आणि काढून घेतला. "खुणांच्या बाई आहेत का इथे? जरा कोपर द्या." आणि गेल्या. मावशी सगळ्यांच्या मागून चालत राहिली. रस्त्यात मोठा खड्डा आला. ती खड्डा आहे म्हणून सांगायला तोंड उघडणार, तर सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

टाकीच्या झाकणावर शेवाळ होतं, आणि शेवाळावर गवत. टेम्पोभाऊने गाडीचा जॅक लावला, चौघांनी पहारी घातल्या. झाकण असं किंचाळत उघडलं, की मावशीच्या तोडीचा आवाज अखेर गावात निघाला असं कुणीतरी म्हणालं. आत पाणी वरवर नितळ होतं. टेम्पोभाऊने दोराला बादली बांधून तळापर्यंत सोडली आणि वर ओढली, तर बादलीत गाळच गाळ. काळा, दाट, वास मारणारा. हेच सगळं गाव पीत होतं.

शिक्केसाहेबांनी बादलीत डोकावून बघितलं. मग पिशवीतून परवानगीचा कागद काढला, टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला आणि शिक्का मारला. "ठिपक्यांसकट," ते पुटपुटले. "आणि बुधवारी टाकी साफ होईल. सगळ्यांदेखत. या बघायला."

त्या संध्याकाळी भोंगामावशीने दोनदा चहा केला, दोन्ही वेळा जाऊबाईंनी निमूट घेतला. तिसऱ्यांदा मावशीला राहवलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही गाळाल."

"मी?" जाऊबाईंनी कप खाली ठेवला. "धाकटे, मला सगळ्यांनी आयुष्यभर वाचून दाखवलं. आईने, भावांनी, तुझ्या दिरांनी. आणि प्रत्येकाने मधल्या ओळी गाळल्या. 'ते राहू दे, तुझ्या कामाचं नाही.' कामाचं काय आहे, ते मी ठरवीन ना? म्हणून मी नेम केला. माझ्या हातून जाईल ते जसंच्या तसं जाईल. त्यांनी गाळलं, तू घातलंस. मला दोन्ही सारखंच."

"पण म्हशीएवढा मासा! तुम्हाला शंका तरी यायची."

"का यावी? कचेरीच्या कागदात याहून मोठे मासे येतात. मागे नव्या पुलाला रंग दिल्याचा कागद आला होता, आठवतंय? तो पूल अजून बांधायचाय."

भोंगामावशीला हसू आलं, पण ती हसली नाही. "मी वाचणं सोडते," ती म्हणाली.

"सोडून जाशील कुठे? गळा कुणाचा आणायचा?" जाऊबाई उठल्या, चाचपत यंत्रापाशी गेल्या आणि नवा कागद चढवला. "सांगायचं काम शांतताकाका करतील. घसा बसला तर खुणांच्या बाई. तू नाही. आणि हे तुझं पोट बिघडतं ना, त्यासाठी वेगळा कागद. आठवड्याला एक. पण वर ठळक लिहायचं, 'थाप'. म्हणजे वाचणाऱ्याला आधी कळेल, आपण काय वाचतोय ते. बस. तो मुकुट कुठल्या गटारात सापडला, सांग."

मावशीने सांगितलं. खट खट खट. मधे एकदा यंत्र थांबलं. जाऊबाई हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत.

बुधवारी टेकडीवर निम्मं गाव जमलं. टाकी रिकामी केली, माणसं आत उतरली, गाळाच्या बादल्या वर येऊ लागल्या. एक रबरी चप्पल आली, झाकणाचं जुनं कुलूप आलं. दुपारच्या सुमाराला आतून आरडाओरडा झाला आणि एक बादली जपून वर आली. भोंगामावशी सगळ्यात पुढे होती. तिने वाकून बघितलं. गढूळ पाण्यात काहीतरी सळसळलं. तळ्यातून पाणी येतं त्या पाइपातून कधीतरी पिल्लू आत आलं असणार.

"काय आहे मावशी?" मागून लोक ओरडले. "मासा आहे का? केवढा आहे?"

असा क्षण भोंगामावशीच्या जन्मात पुन्हा येणार नव्हता. म्हैस तिच्या दातांपर्यंत आली होती. मागे मिशाही. तिने ती गिळली.

"बोटाएवढा," ती म्हणाली.

"ह्या! खोटं बोलते ही!" लोक म्हणाले. "आम्हाला फसवतेय! नीट सांग की मावशी!"

तेव्हा गर्दीतून वाट काढत जाऊबाई आल्या. त्यांनी बाही वर केली, बादलीत हात घातला आणि पाण्यात थोडा वेळ तसाच ठेवला. डोळे मिटूनच असायचे, पण तेव्हा कपाळावर आठी पडली. मग हात बाहेर काढून झटकला.

"बोटाएवढा," त्यांनी जाहीर केलं. "करंगळीएवढा म्हटलंत तरी चालेल."

दोन तोंडं जुळली. लोकांचा अगदी हिरमोड झाला. पाव आणलेल्या आजोबांनी मात्र सगळा पाव त्यालाच घातला. मग टेम्पोभाऊने बादली गाडीत घालून तळ्यात नेऊन रिकामी केली.

माणसं पांगली. भोंगामावशी पाय ओढत उतरणीला लागली, तोच मागून आवाज आला.

"धाकटे, कोपर दे."

तिने दिलं. दोघी बऱ्याच खाली उतरल्या. मावशीने खड्डा दाखवला, मग दुसरा दाखवला.

"मिशा होत्या," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्याला. मिशा होत्या. बारीक, पण झोकदार. माझ्या बोटाला लागल्या."

भोंगामावशी रस्त्यातच थांबली. तिने जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. चेहरा दगडी. या बाईने उभ्या जन्मात एक थाप मारली नव्हती. आणि मावशीने तर बादलीत वाकून बघितलं होतं, पण पाणी गढूळ, मिशा काही तिला दिसल्या नव्हत्या.

"खरंच?" तिने विचारलं.

जाऊबाईंनी तिचं कोपर जरा दाबलं. "मासा तर तळ्यात गेला," त्या म्हणाल्या. "आता दुसरं तोंड आणायचं कुठून? चल, पुढे खड्डा आहे का ते सांग."